आठशे चाळीस फेरे : गिरणगावाच्या सावलीतला लहान माग

मराठीत ‘विणणे’ या एकाच क्रियापदावर आपण बरेच ओझे टाकले आहे. आजी दोन सुयांवर स्वेटर विणते, साळी मागावर पातळ विणतो, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळे विणतो. क्रिया वेगळ्या, हत्यारे वेगळी, शब्द मात्र एकच. त्यामुळे माटुंग्याच्या एखाद्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाला हातभर लांबीचा माग टेकवून कोणी मोज्यांच्या लोकरीचा स्कार्फ विणत असेल, तर तो उद्योग नेमका कशात मोडतो, हे शब्दावरून कळत नाही. लोकर स्वेटरवाली, पण काम साळ्याचे. हा छंद म्हणावा, कारागिरी म्हणावी की औषध? या तिन्ही उत्तरांना मुंबईत इतिहास आहे. गिरण्यांच्या शहरातला हा लहान मागाचा इतिहास फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेख.

१.

आधी माग समजून घेऊ. कापड म्हणजे उभ्या धाग्यांचा ताणा आणि आडव्या धाग्याचा बाणा. उभ्या धाग्यांपैकी निम्मे वर उचलायचे, मधल्या फटीतून धोटा पलीकडे न्यायचा, फणीने धागा ठोकून बसवायचा, मग उरलेले निम्मे उचलायचे. एवढेच मूळ तत्त्व. आपल्याकडच्या खड्डामागावर विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबून धागे वरखाली करतो. टेबलावरच्या सगळ्यात साध्या मागात हे काम एकच ताठ फणी करते. तिच्यात एकाआड एक भोक आणि खाच असते. भोकातले धागे फणीबरोबर हलतात, खाचेतले जागच्या जागी राहतात. फणी उचलली की एक फट पडते, दाबली की दुसरी. त्याच फणीने बाणा ठोकायचा. पाय लागत नाहीत, खड्डा लागत नाही आणि संध्याकाळी पाने वाढायच्या वेळी माग भिंतीला उभा करून ठेवता येतो.

अशा मागावर मोज्यांसाठी वळलेली लोकर चांगली चालते, त्याला कारण आहे. मोजा टाचेला आणि चवड्याला झिजतो, म्हणून ही लोकर बारीक, घट्ट पिळाची आणि अनेक पदरांची करतात. सामान्यतः तिच्यात तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन असते. ताण्याचा धागा फणीत सतत घासला जातो. तिथे सैल पिळाची लोकर पिंजारते आणि तुटते, मोज्यांची टिकते. शंभर ग्रॅमच्या गुंडीत साधारण चारशे मीटर धागा असतो. सात इंच रुंदीचा स्कार्फ धरला आणि इंचाला बारा धागे धरले, तर ताण्याला चौऱ्याऐंशी धागे लागतात. प्रत्येक धागा अडीच मीटरच्या आसपास घेतला की दोनशे मीटर संपले. सत्तर इंच लांबीसाठी इंचाला बारा या हिशेबाने बाण्याचे आठशे चाळीस फेरे. त्याला उरलेल्यातले दीडशे-एकशे साठ मीटर लागतात. म्हणजे एक गुंडी, एक स्कार्फ.

नवशिक्या माणसाला हे आठशे चाळीस फेरे घालायला दोन-तीन संध्याकाळी लागतात. गिरणीतला जुना यंत्रमागही मिनिटाला दीडशेच्या वर फेरे घालत असे. तेवढेच काम तो सहा मिनिटांच्या आत संपवी. या एका तुलनेत मुंबईचा दीडशे वर्षांचा इतिहास सामावला आहे. मग दोन संध्याकाळी खर्चून जे मिळते ते काय, असा प्रश्न उरतो.

२.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची पायाभरणी केली. पुढच्या अर्धशतकात भायखळा, परळ, लालबाग, वरळी हा सारा पट्टा धुराड्यांनी भरला. गिरण्यांच्या आसपास शास्त्रही आले. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. भायखळ्याच्या बाजूला सुरू झालेली ही संस्था १९२३ साली माटुंग्यात आली. वस्त्रनिर्मितीचे शिक्षण हा तिच्या स्थापनेमागचाच एक हेतू होता. १९२४ साली तिच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, आजच्या आडेनवाला रोडवर, इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची प्रयोगशाळा सुरू झाली. कापसाच्या नव्या वाणाचे सूत कसे निघते हे तिथे तपासले जाई. आज तिला ‘सिरकॉट’ म्हणून ओळखतात. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली काढलेला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभागही पुढे माटुंग्यात आला. त्याच्या पहिल्या अभ्यासक्रमांत वस्त्ररसायनशास्त्र होते. कापसाचा तंतू, कापडाची वीण आणि कापडाचा रंग या तिन्हींचा अभ्यास अशा रीतीने पाच बागांच्या आसपासच्या एका उपनगरात एकवटला.

या संस्था गिरण्यांसाठी होत्या, हातमागासाठी नव्हत्या. तरीही वीण शिकायची तर ती शेवटी हातानेच शिकावी लागते. यंत्रमाग धावत असताना धागा कुठून कुठे गेला ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून जगभरच्या वस्त्रविद्येच्या शाळांत हाताने चालवायचा नमुन्याचा माग असतो. त्यावर वीतभर कापड विणून पाहायचे, वीण जमली की मग यंत्रावर चढवायची. मोठ्या मागाने लहान मागाला बाजारातून हुसकावले, पण वर्गातून हुसकावले नाही.

३.

याच काळात लहान मागाने दुसरी वाट धरली होती. ‘हिंद स्वराज्य’ १९०९ साली लिहिताना गांधीजींनी हातमागाची महती सांगितली, पण तोवर आपण माग किंवा चरखा पाहिल्याचे आठवत नाही, अशी प्रांजळ कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. आश्रमात माग आला तेव्हा सूत गिरणीचेच वापरावे लागले. चरखा सापडला तो गंगाबेन मजुमदारांनी विजापूर गावी शोध घेतल्यावर, हा विजापूर गुजरातेतला. त्यानंतरची त्यांची सूतकताई मुंबईत, गावदेवीच्या मणिभवनातही चालली. तिथे रोज खालच्या रस्त्याने जाणाऱ्या पिंजाऱ्याचा उल्लेख त्यांनी आवर्जून केला आहे. ३१ जुलै १९२१ रोजी परळला उमर सोबानी यांच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात विदेशी कापडाची मोठी होळी झाली. गिरणीमालकाच्या अंगणात, कामगार वस्तीच्या मधोमध. हातसुताच्या चळवळीला मुंबईत मिळालेली ही जागा विचार करायला लावणारी आहे.

गांधीजींच्या हातश्रमाच्या विचाराचे एक मूळ जॉन रस्किन यांच्या पुस्तकात होते. दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात ते पुस्तक वाचून त्यांचे आयुष्य बदलले आणि १९०८ साली त्यांनी ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा गुजराती सारांश दिला, हे आपण जाणतो. त्याच रस्किनकडून निघालेला दुसरा ओघ आपल्या फारसा लक्षात नसतो. १८८०च्या दशकात रस्किनच्या प्रेरणेने इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात आल्बर्ट फ्लेमिंग यांनी हातकताईचे आणि हातविणीच्या लिननचे काम सुरू केले. रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांतून हस्तकलेची जी चळवळ उभी राहिली, ती अमेरिकेत पोचल्यावर तिथल्या काही डॉक्टरांच्या मनात एक कल्पना आली. मन थकलेल्या माणसाला अंथरुणावर पडून राहायला सांगण्यापेक्षा हाताला काम द्यावे. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावी डॉ. हर्बर्ट हॉल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुग्णांना मातीकाम आणि हातमागावरचे विणकाम देऊन पाहिले. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे काही मंडळी जमली आणि ‘ऑक्युपेशनल थेरपी’ या शास्त्राची रीतसर संस्था निघाली. बैठकीचे यजमान जॉर्ज बार्टन हे वास्तुशिल्पी, स्वतः क्षयाने आणि अर्धांगाने गांजलेले. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या इस्पितळांत ही उपचारपद्धती पसरली आणि खाटेशेजारच्या टेबलावर लहान माग आला. त्यावर होणाऱ्या वस्तू अरुंद पट्ट्याच्या, दोन-चार बैठकीत संपणाऱ्या: मफलर, टेबलावरची पट्टी, पिशवीचे कापड.

एकाच विचारवंताकडून निघालेले दोन प्रवाह. एक म्हणत होता, हाताचे काम गरिबाला भाकरी देईल. दुसरा म्हणत होता, हाताचे काम आजाऱ्याला हात परत देईल. ते एकत्र आले ते परळला.

४.

के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. भोवती गिरण्या, चाळी, रेल्वेची कारखानदारी. या रुग्णालयात १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण देणारी शाळा निघाली. ती भारतातली पहिली, किंबहुना आशियातलीच पहिली मानली जाते. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून १९३०च्या सुमारास त्या इथे आल्या, कमला झाल्या, आणि ऐन चाळिशी ओलांडल्यावर परत अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियाच्या शाळेत हे शास्त्र शिकून आल्या. १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक संघटना निघाली तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. मराठी वाचकाला या घराची आणखी एक ओळख आहे. कमलाबाईंचे चिरंजीव म्हणजे फलटणच्या कृषिसंशोधन संस्थेचे संस्थापक बनबिहारी निंबकर, आणि सून म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर.

त्या काळच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या शिक्षणात विणकाम हा पायाभूत विषय होता. उपचार म्हणून मागाकडे पाहिले की त्याचा प्रत्येक भाग निराळा दिसू लागतो. धोटा एका हाताने सोडायचा आणि दुसऱ्याने धरायचा, म्हणजे पकडणे आणि सोडणे. अर्धांगानंतर सोडणे हेच अवघड असते. फणी अंगाकडे ओढायची, म्हणजे कोपर आणि खांदा. पावड्यांचा माग असेल तर घोटा आणि गुडघा. टेबलाच्या मागावर धागे उचलायच्या मुठी असतात, त्या बोटांसाठी. माग जरा उंच ठेवला की खांद्याला वर जावे लागते. ताणा अधिक घट्ट केला की जोर अधिक लागतो. म्हणजे डॉक्टर जशी औषधाची मात्रा वाढवतो, तशी इथे कामाची मात्रा वाढवता येते. आणि कापड मात्र खोटे बोलत नाही. ज्या दिवशी हात नीट पडला नाही, त्या दिवशीची कड आत-बाहेर गेलेली असते. महिन्याने कड सरळ होत गेलेली रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. व्यायामाच्या वहीतल्या आकड्यांपेक्षा ही नोंद रुग्णाला लवकर पटते.

ही शाळा ज्या वस्तीत उभी राहिली, तिथे मागाला एक निराळी छटा होती. परळच्या माणसाला माग हा शब्द नवा नव्हता. मागखात्यात पाळी करणाऱ्यांचीच ही वस्ती. यंत्रमागाचा वेग माणसाने गाठायचा असतो. उपचाराचा माग माणसाच्या वेगाने चालतो. एकच नाव असलेली ही दोन यंत्रे माणसाच्या हाताकडे अगदी उलट नजरेने पाहतात. एकाला हात हे जोडसाधन, दुसऱ्याला हात हेच साध्य.

पुढे या शास्त्राची दिशा बदलली. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत हस्तकलांना मागे सारून नेमके व्यायाम, बोटांना आधार देणाऱ्या पट्ट्या, रोजच्या व्यवहाराचा सराव यांवर भर आला. विणकामाची टर उडवली गेली. टोपल्या विणायला लावणारे डॉक्टर अशी थट्टाही झाली. थट्टेत तथ्य होते. शिवणकाम येणाऱ्या गृहिणीला आणि फिटरला एकच मफलर विणायला लावणे हा उपचार होत नाही. पण मागाने जे शिकवले ते शास्त्रात टिकले: काम रुग्णाला अर्थपूर्ण वाटले पाहिजे, नाहीतर हात हलतो आणि माणूस हलत नाही.

हाताचा हा प्रश्न माटुंग्याला त्याहून जुना आहे. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. ॲकवर्थ यांच्या प्रयत्नाने माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयगृह निघाले. तेच आजचे वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय. हेच ॲकवर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह सिद्ध करणारे. शाहिरांचे शब्द जमवणारा हा अधिकारी ज्यांच्यासाठी घर बांधत होता, त्यांच्या बोटांतली जाणीव गेलेली होती. त्या काळी अशा माणसाला आसरा मिळे, काम मिळत नसे. बदल व्हायला अर्धे शतक गेले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून शस्त्रक्रियेने वाकडी झालेली बोटे सरळ करून दाखवली आणि त्यानंतर रुग्णाला धंद्याचे शिक्षण हवे असा आग्रह धरला. आपल्याकडे बाबा आमटे यांच्या आनंदवनात मागांवर कापड विणले जाऊ लागले. तिथे माग हा उपचार नव्हता, मिळकत होती. भिक्षेकरी म्हणून हाकललेल्या माणसाने विणलेली चादर दुसऱ्याच्या घरी अंथरली जाते, यात जे घडते त्याला वैद्यकात शब्द नाही.

५.

तिसरी वाट गिरगावातून जाते. १९५२ साली अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले आणि १९५६च्या सुमारास मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झाले. ऑपेरा हाऊसजवळ मामा परमानंद मार्गावर ते आजही आहे. पुपुल जयकर यांची कल्पना अशी की, चित्रकार आणि विणकर यांना एका छताखाली बसवावे. के. जी. सुब्रह्मण्यन १९५९ ते १९६१ या काळात इथे होते. प्रभाकर बरवे १९६१ साली या सेवेत शिरले, आधी बनारसच्या केंद्रात आणि मग मुंबईत बरीच वर्षे त्यांनी नोकरी केली. मराठी वाचक त्यांना ‘कोरा कॅनव्हास’चे लेखक म्हणून ओळखतो. त्यांच्या चित्रांतल्या सुट्या, पसरलेल्या, एकमेकींशी अदृश्य धाग्याने बांधलेल्या आकृती पाहताना, हा माणूस रोज आलेखाच्या चौकटीत रंग बसवण्याचे काम करणाऱ्यांमध्ये वावरत होता, हे आठवल्याशिवाय राहत नाही.

चित्रकाराला कागदावर कोणतीही रेषा ओढता येते. मागावर तिरकी रेषा म्हणजे पायऱ्या, आणि गोल म्हणजे अधिक बारीक पायऱ्या. तांबडा ताणा आणि निळा बाणा घेतला तर मिळणारा रंग रंगपेटीत नसतो. तो लांबून जांभळट आणि जवळून दोन वेगळे ठिपके असतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, वीतभर विणून कळते. लहान मागाचा हा तिसरा उपयोग: विचार करायचे साधन.

६.

आता टेबलावरच्या त्या स्कार्फकडे परत येऊ. हातमागासाठी राखीव वस्तूंचा कायदा १९८५ साली झाला. आधी बावीस प्रकारच्या वस्तू यंत्रमागावर विणायला बंदी होती, नंतर यादी अकरांवर आली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. उरलेल्या अकरांत शाल, लोई, मफलर आणि पंखी यांचा एक गट आहे. म्हणजे जो मफलर आज हौसेचा विषय वाटतो, तो कायद्याच्या लेखी कोणाच्या तरी पोटाचा विषय आहे. २०१९-२०च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात विणकर आणि पूरक काम करणारे मिळून ३५ लाखांहून अधिक माणसे नोंदली गेली. त्यांत बायकांचे प्रमाण सत्तर टक्क्यांवर आहे. जुलै २०२० मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झाले. त्या वेळी टाळेबंदी होती आणि बातमी फारशी चर्चेत आली नाही.

लोकरीचे म्हणाल तर महाराष्ट्राला स्वतःची परंपरा आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची राठ लोकर, सनगरांचा माग आणि चिंचोक्याची खळ यांतून घोंगडी होते. मोज्यांची मऊ परदेशी लोकर हजाराच्या भावाने आणणाऱ्या शहरी हाताला ही राठ लोकर टोचते, आणि तिला भाव नाही म्हणून मेंढपाळ ती अनेकदा टाकून देतो. एकाच राज्यात लोकर विकत आणणे आणि लोकर फेकणे एकाच वेळी चालू आहे.

म्हणून छंदाच्या मागाला नाक मुरडावे का? मला तसे वाटत नाही. गेल्या शंभर वर्षांत या शहराने लहान मागाकडून तीन कामे घेतली: वर्गात वीण समजावली, रुग्णालयात हात सोडवला, गिरगावात चित्रकाराला कापडाची भाषा शिकवली. चौथे काम अजून व्हायचे आहे. १८ जानेवारी १९८२च्या संपानंतर गिरणगाव विझले आणि आता या शहरात कापड कसे होते हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस दुर्मिळ होत चालला आहे. पूर्वी निदान घरातला एखादा मामा मागखात्यात असे. कड का फाटते, सूत का तुटते हे जेवताना कानावर पडे. ते ज्ञान घरातून गेले आणि त्याबरोबर किमतीची जाणीवही गेली. हातमागाची साडी महाग का, हा प्रश्न आज प्रदर्शनात ज्या सहजतेने विचारला जातो, त्यात दुष्टपणा नसतो. फक्त मोजमाप नसते.

ते मोजमाप टेबलावर मिळते. सात इंच रुंदीच्या साध्या विणीला आठशे चाळीस फेरे. साडीची रुंदी त्याच्या सहापट, लांबी तिप्पट, सूत कितीतरी बारीक, काठ-पदर वेगळेच. हा गुणाकार ज्याने दोन संध्याकाळी स्वतःच्या खांद्याने केला आहे, तो पुढच्या वेळी दादरच्या दुकानात घडी उलगडताना आधी कड पाहील, मग किमतीची चिठ्ठी.